51,270 रुपयांचं एक ‘येस’

सत्तावीस वर्षं डीटीपी करतोय. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल, ग्रामपंचायतीची पावतीपुस्तकं, सगळं. गावात कुणाचा कॉम्प्युटर अडला की आधी मला हाक येते. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण कॉम्प्युटर दुरुस्तीच्या नावाखाली फोनवरच्या भामट्यानं मला गंडवलं, हे कळल्यावर प्रत्येकानं एकच वाक्य ऐकवलं: ‘तुम्ही? तुम्ही फसलात?’ हो, मीच. जे हसले त्यांनी जरा पुढं वाचावं.

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाला. आमचं जुनं मशीन विंडोज 11 घेईना, म्हणून दिवाळीच्या तोंडावर नवीन मशीन घेतलं. दुकानदारानं जुनी हार्ड डिस्क काढून नव्यात डी ड्राइव्ह म्हणून जोडून दिली. तीत अकरा वर्षांच्या कोरलच्या (पत्रिका बनवायच्या सॉफ्टवेअरच्या) फाइली होत्या, 214 जीबी. तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन सुरू. शुक्रवारी, 7 नोव्हेंबरला, एका गिऱ्हाइकाच्या चारशे पत्रिका सोमवारी द्यायच्या होत्या, आणि नेमका पत्रिकांचा फोल्डर उघडेना. ‘यू डोन्ट करंटली हॅव परमिशन.’ खाली ‘कंटिन्यू’चं बटण होतं. ते दाबलं, हिरवी पट्टी सरकत राहिली, मला वाटलं हँग झालं, मी बंद केलं. तिथं दहा मिनिटं कळ काढली असती तर हे लिहायची वेळ आली नसती.

खरं कारण मला नंतर भाच्यानं सांगितलं. विंडोज फाइलचा मालक नावावरून ओळखत नाही, प्रत्येक खात्याला एक लांबलचक आकडा असतो त्यावरून ओळखतं. जुन्या मशीनवरचा ‘ऑफिस’ आणि नव्यावरचा ‘ऑफिस’ नावानं सारखे, पण आकडे वेगळे. म्हणजे माझ्याच घराच्या सातबाऱ्यावर नाव जुन्या मालकाचं. नव्यानं फेरफार करून घ्यायचा, बास. अ‍ॅडमिनला, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा असलेल्या खात्याला, तो अधिकार असतोच.

हे माहीत नव्हतं. इंटरनेटवर शोधलं. सर्वांत वर एक नंबर, 1800 नं सुरू होणारा, नाव अगदी अधिकृत वाटेल असं. वर बारीक अक्षरात ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेलं होतं. ते मी वाचलं नाही, कोण वाचतं? पण आता वाचा. मदतीचा नंबर शोधयंत्रात कधीही शोधू नका. पावतीवर, खोक्यावर, बँकेच्या पासबुकावर छापलेला असतो तोच खरा.

त्या नंबरवर फोन लावला. हिंदी बोलणारा तरुण होता. आवाजात अदब. मी अडचण सांगितली तर म्हणाला, ‘सर, ओनरशिप का इश्यू है.’ हा शब्द त्यानं बरोबर वापरला, आणि मी तिथंच निम्मा विरघळलो. चोराला विषय कळत नसेल असं आपण उगाच धरून चालतो.

मग त्यानं मला काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) ‘असॉक’ (assoc) टाइप करायला लावलं. भराभर ओळी गेल्या. म्हणाला, ‘शेवटी शेवटी एक मोठा नंबर आहे, तो तुमचा लायसन्स आयडी. मी माझ्या सिस्टिमवरून वाचतो, तुम्ही ताळा करा.’ आणि फोनवर वाचू लागला: आठ आठ आठ, डी सी ए, सहा शून्य… शेवटपर्यंत जसाच्या तसा! माझ्या मशीनचा नंबर याच्याकडं आहे म्हणजे माणूस खराच, असं मला वाटलं. भाच्यानं नंतर स्वतःच्या लॅपटॉपवर तेच टाइप करून दाखवलं. तोच नंबर. सगळ्या विंडोजवर तोच नंबर असतो! तुमच्याकडं आत्ता टाइप करून बघा. लाज वाटते सांगायला.

मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे मशीनमधल्या बारीकसारीक घडामोडींची विंडोजची नोंदवही, उघडायला लावली. लाल-पिवळ्या खुणा, अकराशेच्या वर. वीस दिवसांच्या मशीनला अकराशे एरर? हा प्रश्न मला पडला होता. मी विचारलासुद्धा. ‘सर, पुरानी हार्ड डिस्क से आया है,’ म्हणाला. पटलं. या यादीत प्रत्येक धडधाकट मशीनवर शेकड्यांनी नोंदी असतात. कुणी ती उघडायला लावली की फोन ठेवा.

त्याच्या सांगण्यावरून स्क्रीन शेअरचं अ‍ॅप उतरवून घेतलं, त्यावरचा नऊ आकडी नंबर त्याला सांगितला, आणि माझं मशीन तो तिकडून चालवू लागला. ते अ‍ॅप खरं आहे, कंपनी खरी आहे, अ‍ॅपचा दोष नाही.

आता तो क्षण. रात्री अंथरुणात पडलो की अजून तोच डोळ्यांसमोर येतो.

त्यानं तिकडून काहीतरी सुरू केलं. माझी स्क्रीन मंद झाली आणि मधोमध ती नेहमीची चौकट आली: या अ‍ॅपला तुमच्या यंत्रात बदल करू द्यायचे का? येस, नो. मी थांबलो. म्हटलं तोच दाबेल, माउस त्याच्याच हातात आहे. पाच-सात सेकंद काहीच झालं नाही. मग तो म्हणाला, ‘सर, मुझे यहाँ ब्लॅक दिख रहा है. आप के स्क्रीन पे कुछ आया होगा, आप येस दबा दीजिए.’

त्याला काळं दिसत होतं! ती चौकट विंडोज मुद्दाम वेगळ्या पडद्यावर दाखवतं. मशीनवरच्या दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमला परस्पर येस दाबता येऊ नये म्हणून, आणि त्यामुळंच बाहेरून जोडलेल्या माणसालाही ती दिसत नव्हती. व्हिस्टापासून ही सोय आहे. विंडोजनं त्या क्षणी चोराला उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं आणि घरमालकाला विचारलं होतं, आत घेऊ का? घरमालक काय म्हणाला? येस. सवयीनं. प्रिंटरचा ड्रायव्हर टाकताना येस, फाँट टाकताना येस, वर्षानुवर्षं हेच केलंय मी. त्या चौकटीत काय लिहिलंय ते मी शेवटचं कधी वाचलं होतं, देव जाणे.

माझ्या बाजूनंही थोडं सांगू द्या. फोल्डरची परवानगी बदलायला अ‍ॅडमिनचा अधिकार लागतोच, हे मला ठाऊक होतं. त्यामुळं चौकट येणं मला रास्तच वाटलं. आणि त्यानं खरोखर काम केलं! प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड, ओनर, चेंज. चार मिनिटांत पत्रिकांचा फोल्डर उघडला. फी सांगितली 1,500 अधिक 18 टक्के जीएसटी, 1,770. जीएसटी लावणारा माणूस चोर कसा असेल? मी यूपीआयनं भरले. वर थँक्यूसुद्धा म्हणालो.

मग म्हणाला, व्हायरस राहिलाय, स्कॅन लावतो, स्क्रीन काळी होईल, पंचवीस मिनिटं हात लावू नका. स्क्रीन काळी झाली. मी चहा प्यायला आत गेलो. मोबाइल चार्जिंगला.

ही काळी स्क्रीन त्या ‘येस’शिवाय आली नसती. तिच्याआड त्यानं माझा ब्राउझर उघडला. नेटबँकिंगचा पासवर्ड तिथं सेव्ह केलेला. गिऱ्हाइकांचे मजकूर कॉपी करायला सोपं जावं म्हणून मोबाइलचे मेसेज मी कॉम्प्युटरवर जोडून ठेवले होते, त्यामुळं ओटीपीही तिथंच. मी ओटीपी कुणालाही सांगितला नाही. परत लिहितो: सांगितला नाही. मागितलाच नाही त्यानं. आमच्या बँकेत नवीन लाभार्थ्याला पहिल्या दिवशी 50,000 ची मर्यादा आहे. त्यानं 24,900 आणि 24,600 काढले. मर्यादेच्या आत, हिशेबानं. एकूण गेले 51,270.

रात्री 9:10 ला मोबाइल हातात घेतला तेव्हा कळलं. आणि इथं मी दुसरी माती खाल्ली. बायकोला सांगायचं कसं या लाजेनं गप्प बसलो. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन केला सकाळी साडेसातला. ते दहा तास पैसे कुठून कुठं फिरले असतील! तुमचं असं झालं तर लाज उद्यावर टाका, फोन आधी करा. नेटचा प्लगही आधी उपटा. माझं मशीन रात्रभर चालूच होतं.

सकाळी बघतो तर ‘सिस्टिम अपडेट’ नावाचं एक नवं अ‍ॅडमिन खातं, आणि माझं खातं साधं करून टाकलेलं. पत्रिकांचा फोल्डर पुन्हा बंद. ओनर ते नवं खातं. अकराला त्याचाच फोन. ‘सर, सिक्युरिटी लॉक लगा है, 8,850 भरिए, खुल जायेगा.’ मी काय काय बोललो ते इथं लिहिता येत नाही.

1930 वाल्यांनी तक्रार नीट घेतली, पोचनंबर दिला. पण तो एफआयआर नव्हे, हे तिसऱ्या दिवशी कळलं. शनिवार दुसरा, बँक बंद. रविवार बंद. पोलीस ठाण्यात गेलो तर ‘आमच्याकडं सायबर नाही, जिल्ह्याला जा.’ जिल्हा 42 किलोमीटर. तिथं ‘तुमच्या हद्दीत नोंदवा.’ 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यावी असं कलम 173 मध्ये लिहिलंय. मी प्रिंट काढून नेली. हवालदारानं ती उलटसुलट बघून विचारलं, ‘कॉम्प्युटरवर छापली का?’ तिसऱ्या फेरीला मोठे साहेब बंदोबस्ताला. आयटी कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्याच्या वरचा अधिकारीच करू शकतो, त्यामुळं साहेब नाहीत म्हणजे कामच नाही. चौथ्या फेरीला कागद घेतला आणि लिहिता लिहिता हवालदार म्हणाला, ‘काका, येस तुम्हीच दाबलं ना? मग?’

मग काय? घराची कडी मी काढली म्हणून दरोडा कायदेशीर होतो का?

बँकेची तर वेगळीच तऱ्हा. सोमवारी दहाला दारात हजर. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक तेव्हा लागू होतं: चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, तिसऱ्यानंच घुसखोरी केली असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाला तोशीस नाही. मी पहिल्याच कामाच्या दिवशी कळवलं. साहेबांनी पुढचा परिच्छेद काढून दाखवला: ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळं नुकसान झालं तर ते ग्राहकाचं. ‘ओटीपी तुमच्याच मोबाइलवर गेलाय.’ मी म्हटलं, निष्काळजीपणा सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे, त्याच कागदात पुढं लिहिलंय. त्यावर त्यांना महत्त्वाचा फोन आला. तो फोन अजून संपलेला नाही. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, शिक्क्यासकट. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, माहितीसाठी 14448. मी गेलोय. बघू.

आणि हे ऐका. माझे 3,214 रुपये कुठल्यातरी खात्यात गोठवलेले सापडले. आनंदानं विचारलं, कधी मिळतील? कोर्टाचा आदेश आणा. वकिलाची फी 4,000.

मशीनचं पुढं सांगतो. भाचा बीसीएसला आहे, शनिवारी दुपारीच आला. हार्ड डिस्क काढून स्वतःच्या लॅपटॉपला लावली, फोल्डरवर गेला, ‘कंटिन्यू’ दाबलं आणि मला म्हणाला, ‘मामा, आता अकरा मिनिटं गप्प बसायचं.’ अकराव्या मिनिटाला सगळ्या पत्रिका समोर. फुकट. नवीन मशीन त्यानं सबंध पुसून विंडोज परत टाकलं. बाहेरच्यानं एकदा अ‍ॅडमिन होऊन काय काय पेरलंय ते शोधत बसण्यात अर्थ नाही, म्हणाला.

त्यानं घातलेले दंडक मला पटले तसे लिहितो. विंडोज टाकल्यावर पहिलं खातं आपोआप अ‍ॅडमिन होतं, आणि आपण सगळे जन्मभर त्यावरच बसतो. तसं बसू नका. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्समध्ये जाऊन दुसरं खातं काढा, ते स्टँडर्ड, म्हणजे साधं, ठेवा, रोजचं काम त्यावर. मग ती चौकट नुसतं येस विचारत नाही, अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागते. मला त्या दिवशी पासवर्ड टाइप करावा लागला असता तर बोटं थांबली असती. निदान थांबली असती असं वाटतं. फोल्डर उघडत नाही म्हणून ‘एव्हरीवन’ला, म्हणजे कुणालाही, फुल कंट्रोल देऊन मोकळे होऊ नका, हा आमच्या धंद्यातला आवडता जुगाड आहे. सी ड्राइव्हची, विंडोजच्या फोल्डरची मालकी तर बदलूच नका, मशीन झोपेल. बँकेचा पासवर्ड ब्राउझरला नको. आणि नव्या लॅपटॉपवाल्यांनो, डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, असेल तर तिची 48 आकडी किल्ली आधी कागदावर उतरवा. तिथं ‘कंटिन्यू’ दाबून काही होत नाही.

चारशे पत्रिका मंगळवारी दिल्या, एक दिवस उशिरा. गिऱ्हाइकानं दोनशे रुपये कापले. ते वरच्या आकड्यात धरलेले नाहीत.

अ‍ॅडमिनचा पासवर्ड भाच्यानं मला सांगितलाच नाही. त्याच्या मामीला दिलाय. तिनं तो कुठं लिहून ठेवलाय, मला माहीत नाही. परवा प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायचा होता म्हणून हाक मारली. हात पुसत आली, आधी टेबलावरचा माझा मोबाइल उचलून बघितला आणि म्हणाली, ‘अहो, कुणाचा फोन चालू नाही ना?’