प्लेराइट: फेल झालेल्या चाचणीवर विश्वास ठेवता यावा यासाठी

वेब ॲप्लिकेशनच्या स्वयंचलित चाचण्यांचे साधन निवडताना त्यात सोयी किती आहेत यापेक्षा चाचणी फेल झाल्यावर टीम काय करते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. टीम दोष शोधायला बसत नसेल आणि ‘पुन्हा एकदा चालवून पाहा’ एवढ्यावरच विषय संपत असेल, तर शेकडो चाचण्या लिहूनही रिलीजच्या आदल्या रात्री सगळे हातानेच तपासावे लागते. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेले प्लेराइट हे चाचणी-साधन या कसोटीवर बरेच उजवे ठरते.

अशा अविश्वासाचे मूळ बहुतेक वेळा प्रतीक्षेत असते. शिकागोतील थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीत २००४ साली जन्मलेल्या सेलेनियम या जुन्या चाचणी-साधनामध्ये पानावरचे बटण तयार होईपर्यंत कसे थांबायचे, हे प्रामुख्याने चाचणी लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. घाईत असलेला टेस्टर तेथे तीन-चार सेकंदांचा ‘स्लीप’, म्हणजे ठरावीक वेळ नुसते थांबण्याची आज्ञा, टाकून मोकळा होतो. मग सर्व्हर मंदावला की चाचणी विनाकारण फेल होते आणि तो वेगात असला की वेळ वाया जातो. प्लेराइट क्लिक करण्यापूर्वी ते बटण दिसते आहे का, स्थिर आहे का, सक्रिय आहे का आणि त्यावर दुसरे काही आलेले नाही ना, हे स्वतः तपासते आणि अटी पूर्ण होईपर्यंत पुन्हा पुन्हा पाहत राहते. एका चाचणीची मूळ कालमर्यादा ३० सेकंदांची असते, ती बदलताही येते.

ट्रेस व्ह्यूअर, म्हणजे चाचणीत काय घडले ते टप्प्याटप्प्याने दाखवणारी सोय, हे मात्र या साधनाचे खरे वैभव आहे. फेल झालेल्या चाचणीतील प्रत्येक कृतीच्या आधीची आणि नंतरची पानाची स्थिती, नेटवर्कवरील देवाणघेवाण आणि कन्सोलवरील संदेश एकाच फाइलमध्ये मिळत असल्यामुळे ‘माझ्या मशीनवर तर चालते’ या डेव्हलपरच्या सनातन उत्तराला फारसा वाव उरत नाही.

मराठी संकेतस्थळांची चाचणी करणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ब्राउझरची भाषा मराठी-भारत अशी ठेवता येते; तशी ठेवल्यावर जावास्क्रिप्टची अंगभूत पद्धत आकडे देवनागरीत देते आणि इंग्रजी (1, 2, 3) आकड्यांवर बेतलेल्या चाचण्या कोसळतात, जे योग्यच आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ्या दोन तऱ्हांनी साठवला जातो: ऱ या स्वतंत्र अक्षराने, किंवा र्-नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, तुलना मात्र फसते आणि युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणानेही (एकाच मजकुराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याच्या प्रक्रियेनेही) ही दोन रूपे एक होत नाहीत. हा दोष प्लेराइटचा नव्हे. पण त्यामुळे वापरकर्त्याचा शोधही फसत असणार, हे त्या निमित्ताने उघड होते. स्क्रीनशॉटची तुलना करायची असल्यास बिल्ड सर्व्हरवर (चाचण्या आपोआप चालवणाऱ्या संगणकावर) देवनागरी फॉन्ट आहे याची आधी खात्री करावी, अन्यथा चौकोनांचीच तुलना होत राहील.

उणिवाही आहेत. यातील वेबकिट (सफारीच्या मुळाशी असलेले ब्राउझर इंजिन) म्हणजे प्रत्यक्ष सफारी नव्हे, आणि मोबाइलचे केवळ अनुकरण होते; त्यामुळे ज्यांचे बहुतेक ग्राहक फोनवर आहेत त्यांना खऱ्या उपकरणांवरील चाचणी टाळता येणार नाही. चाचणी आपोआप पुन्हा चालवण्याची सोय तर मला धोक्याचीच वाटते: दुसऱ्या खेपेस पास झालेली चाचणी अहवालात ‘फ्लेकी’ (बेभरवशाची) म्हणून वेगळी दाखवली जाते खरी, पण बिल्ड हिरवी, म्हणजे एकूण निकाल पास, झाल्यावर तो अहवाल उघडतो कोण?

अपाचे २.० परवान्याखाली ते विनामूल्य मिळते आणि टाइपस्क्रिप्टखेरीज पायथन, जावा व डॉटनेटमध्येही वापरता येते. नव्या प्रकल्पासाठी मी ते निःसंकोच सुचवीन. सेलेनियमवरच्या जुन्या चाचण्या नीट चालत असतील, तर केवळ नवेपणासाठी त्या पुन्हा लिहू नयेत; ज्या वारंवार विनाकारण फेल होतात, तेवढ्याच आधी हलवाव्यात.