फेलोशिपच्या अर्जासाठी जुन्या चित्रांचे स्कॅनिंग : सीताबर्डीतील दुकानाचे परीक्षण

पीएच.डी.नंतर प्रतिमा-अभ्यासात पुढचे संशोधन करता यावे म्हणून मी युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपसाठी अर्ज केला. त्या अर्जासोबतच्या संशोधन-प्रस्तावातील चित्रांचे स्कॅनिंग मी नागपूरच्या सीताबर्डीतील या दुकानातून करून घेतले. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि प्रबंधाच्या बाइंडिंगसाठी इथे गर्दी असतेच. पण हे परीक्षण जुन्या छापील चित्रांच्या कामापुरतेच आहे.

काम नाजूक का होते, ते आधी सांगायला हवे. या फेलोशिपच्या युरोपात संशोधन करण्याच्या प्रकाराला कोणत्याही देशाचा नागरिक अर्ज करू शकतो. अंतिम तारखेच्या आधीच्या 36 महिन्यांत यजमान देशातील, म्हणजे जिथे संशोधन करायचे त्या देशातील, वास्तव्य 12 महिन्यांपेक्षा अधिक नसावे, ही अट नागपुरात राहून काम करणाऱ्याला आड येत नाही. खरी ओढाताण पानांची असते. प्रस्तावाचा मुख्य भाग 10 पानांत संपवावा लागतो, मजकुराचे अक्षर 11 पॉइंटपेक्षा लहान चालत नाही आणि मर्यादेबाहेर गेलेली पाने परीक्षकांसमोर येतच नाहीत. गुणांची विभागणी संशोधनाच्या गुणवत्तेला 50 टक्के, परिणामाला 30 टक्के आणि अंमलबजावणीला 20 टक्के अशी आहे. त्यामुळे आत घेतलेले प्रत्येक चित्र एका परिच्छेदाची जागा अडवते आणि त्या परिच्छेदाइतकाच युक्तिवाद त्याने करावा, अशी अपेक्षा धरावी लागते.

माझा विषय आहे दीक्षाभूमीच्या परिसरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विकली जाणारी बाबासाहेबांची आणि बुद्धांची स्वस्त छापील चित्रे. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर ही चित्रे विदर्भातल्या घराघरांत पोहोचली, भिंतीवर लागली आणि वर्षानुवर्षे त्यांच्यासमोर मेणबत्त्या लागल्या. 1990 च्या दशकात डब्ल्यू. जे. टी. मिचेल आणि गॉटफ्रीड बोएम या प्रतिमा-अभ्यासकांनी प्रतिमेकडे मजकुराची सोबतीण म्हणून पाहू नये, तिची स्वतःची विचार करण्याची रीत असते, असा आग्रह धरला आणि या अभ्यासक्षेत्राला बळ मिळाले. ही भूमिका प्रस्तावात मांडायची आणि चित्रे मात्र कडा कापून, रंग उजळवून शोभेसाठी लावायची, असे केले तर परीक्षकाचा विश्वास कसा बसणार?

म्हणूनच या दुकानातील ऑपरेटरदादांनी केलेले काम मला मोलाचे वाटते. ऑफसेटवर छापलेले चित्र बारीक ठिपक्यांचे असते आणि स्कॅनरची स्वतःची जाळी त्या ठिपक्यांवर बसली की चित्रावर लाटांसारखी नक्षी उमटते. एका कॅलेंडरच्या पहिल्या स्कॅनमध्ये बाबासाहेबांच्या चेहऱ्यावर नेमकी तीच नक्षी आली. दादांनी 600 डीपीआयवर (इंचाला 600 ठिपके) पुन्हा स्कॅन घेतले, ठिपके सौम्य केले आणि त्यानंतरच आकार लहान केला. कागद पातळ असल्याने मागची छपाई पुढे दिसत होती. तेव्हा त्यांनी पाठीमागे काळा कार्डशीट ठेवला आणि मागची अक्षरे दिसेनाशी झाली.

त्याच चित्रात कोटाचा निळा रंग बाह्यरेषेच्या बाहेर सरकलेला होता. दादांनी विचारले, "मॅडम, हा निळा बाहेर गेला आहे जी, आत घेऊन देऊ काय?" मी नको म्हटले आणि कारण सांगितले: रंग सरकणे ही घाईच्या, स्वस्त छपाईची खूण आहे आणि माझा अर्धा युक्तिवाद त्या खुणेवरच उभा आहे. त्यांनी ते मनावर घेतले. पुढच्या प्रत्येक चित्रासाठी रंगांची आपोआप होणारी दुरुस्ती बंद ठेवली, पिवळा पडलेला कागद पिवळाच राहू दिला आणि खालची पांढरी पट्टी न कापता जशीच्या तशी ठेवली. तिथे बारीक अक्षरांत मुद्रकाचे नाव असते आणि साल छापलेले नसेल तर चित्राचा काळ ठरवायला तोच पहिला धागा असतो. ही समज मला महागड्या स्टुडिओतही मिळाली नव्हती. तिथल्या माणसाने न विचारता चेहरा गोरा करून दिला होता, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

उणिवाही आहेत. स्कॅनरवर रंगांची प्रमाणपट्टी ठेवण्याची सोय नाही, त्यामुळे पुढे प्रकाशनासाठी काटेकोर रंग हवे असतील तर ती पट्टी स्वतः न्यावी. ए-3 पेक्षा मोठे पोस्टर दोन भागांत स्कॅन करून जोडावे लागते आणि नीट पाहिले तर जोड दिसतो. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवण्याची इथे सवय आहे. त्यात चित्र दाबले जाऊन बारकावे जातात, म्हणून बारकावे टिकवणारी मोठी टिफ फाइल पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि पीडीएफमध्ये टाकायची लहान प्रत वेगळी मागावी. या दोन्ही प्रती त्यांनी जादा पैसे न घेता दिल्या. दर साध्या झेरॉक्सच्या दुकानापेक्षा अधिक आहेत, पण ज्या मनाने काम होते ते पाहता मला ते रास्त वाटतात.

छापील प्रत काढून पाहण्याचा सल्लाही दादांचाच. परीक्षक प्रस्ताव पडद्यावर वाचतील की कागदावर, हे आपल्याला ठरवता येत नाही. कृष्णधवल प्रतीत निळा आणि काळा एक झाले, तेव्हा मी सरकलेल्या रंगाचा तपशील मोठा करून लावला आणि त्यासाठी दुसरे एक चित्र वगळले.

चित्रे घेऊन जाणाऱ्यांनी दुपारी जावे. संध्याकाळी काउंटरवर महाविद्यालयीन मुलांची रांग असते आणि जुना कागद त्या गर्दीत हाताळू नये. गाडी लावायला बर्डीत जागा मिळणे कठीण, मेट्रोने सीताबर्डी इंटरचेंजला उतरणे बरे. चित्रे गुंडाळून किंवा घडी घालून न नेता दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट ठेवून न्यावीत, कारण घडीवर आलेली भेग स्कॅनमध्ये पांढऱ्या रेषेसारखी दिसते.