सासूबाईंचं बीपी आणि घरचं मशीन: आठ महिन्यांनंतर

आम्ही सांगलीत गावभागात राहतो. सासूबाई 71 वर्षांच्या. दवाखान्यात बीपी 160 च्या वर निघायचं आणि त्या म्हणायच्या, "मला काही होत नाही गं." डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग कसलं बीपी! डॉक्टरांनी घरी मोजून वहीत लिहायला सांगितलं, म्हणून दंडाला बांधायचं हे मशीन घेतलं.

पहिले पंधरा दिवस 158, 162 असे आकडे बघून मीच घाबरायचे. मग दवाखान्यातल्या सिस्टरनी विचारलं, "पट्टा मापाचा आहे का?" टेपनं दंड मोजला तर घेर 34 सेंटिमीटर. पट्ट्यावर 22 ते 32 असं स्पष्ट छापलेलं, आम्ही वाचलंच नव्हतं. लहान पट्ट्यानं आकडा वाढून येतो. मोठा पट्टा वेगळे पैसे देऊन आणला. विकणाऱ्यानं आधी दंडाचं माप विचारायला हवं होतं, ही माझी खरी तक्रार.

नव्या पट्ट्यानं आकडे उतरले, पण डॉक्टर म्हणाले, तरीही गोळी लागणारच. घरी सरासरी 135/85 च्या खाली हवी.

मोजायची रीतही बदलली. आधी त्या भाकऱ्या थापून उठायच्या, हात पुढे करायच्या आणि बोलत राहायच्या. आता लघवीला जाऊन येतात, खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसतात. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. सकाळी चहा आणि गोळीच्या आधी दोनदा, मध्ये एक मिनिट थांबून. संध्याकाळी परत तसंच.

वहीचा उपयोग मशीनइतकाच झाला. तिसऱ्या महिन्यात मी आकड्यांशेजारी "घोट्याला सूज" असं लिहिलं होतं. ते बघून डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिनचा (ही त्यांची बीपीची गोळी, तिनं अशी सूज येऊ शकते) डोस कमी करून दुसरी गोळी जोडली. सूज आली म्हणून आपल्या मनानं गोळी सोडली असती तर पंचाईत झाली असती. मिठाचं मात्र अजून पूर्ण जमलेलं नाही. दिवसाला सगळं मिळून चहाचा एक चमचा, पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे लोणचं, पापड आणि आमचं लाडकं भडंग, सगळ्यालाच कात्री. भडंग आता रविवारी, मूठभर.

वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहून ठेवलंय: 180/120 च्या वर आणि छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं किंवा एक बाजू लुळी पडणं, तर परत मोजत बसायचं नाही, थेट दवाखाना. बोलणं अडखळलं किंवा एक बाजू लुळी पडली तर आकडा काहीही असो.

सध्या सकाळचा आकडा 126 ते 132 मध्ये असतो. घेणार असाल तर मनगटाचं नको, दंडाचंच घ्या, आणि दुकानात जाताना शिवणकामाची टेप सोबत न्या.