स्टेशनमागच्या गल्लीतला एल पब : आठ महिन्यांनंतर

पहिल्या दिवशी मी ग्लास परतच करायला निघालो होतो. नोकरीनिमित्त इंग्लंडमधल्या बर्टन अपॉन ट्रेंटला येऊन आठवडा झाला होता. पुण्याची सवय अशी की बाटलीवर दव नसेल तर ती बिअरच नव्हे. इथे हातात आलेला एलचा, म्हणजे इकडच्या पारंपरिक बिअरचा, पाइंट (568 मिलीचा ग्लास) नुसता गारसर, बुडबुडे जवळजवळ नाहीतच. मी काउंटरवर जाऊन म्हटलं, "गरम आहे ही." मालकीणबाई हसल्या. "गरम नाही, डक, तळघराइतकी आहे." (डक म्हणजे इकडच्या बोलीत आपलं 'अरे राजा'. बदकाचा काही संबंध नाही.)

तळघर म्हणजे 11 ते 13 अंश. त्यानंतर आठवड्यातून एकदा तरी जातोच आहे, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

जागा साधी. दोन खोल्या, गुळगुळीत झालेली लाकडी बाकं, टीव्ही नाही, गाणी नाहीत. तळघरातल्या पिंपातून एल वर ओढणारे हातपंप चारच. सुरुवातीला वाटलं, एवढंच? नंतर कळलं की चार आहेत तेच बरं. रिअल एल गाळलेली किंवा पाश्चराइज केलेली नसते; यीस्ट जिवंत असतं आणि पिंपातही आंबणं चालूच राहतं. गढूळपणा खाली बसवायला इझिन्ग्लास घालतात. पावसाळ्यात पाण्यात तुरटी फिरवतो ना, तोच प्रकार, फक्त हे माशाच्या हवेच्या पिशवीपासून बनतं. कडक शाकाहारी असाल तर आधी विचारून घ्या, न घातलेली एलही बऱ्याचदा असते.

पिंप एकदा चालू केलं की हवा आत जाते आणि तीनेक दिवसांत चव उतरायला लागते. नेहमीच्या फर्किनमध्ये (छोट्या पिंपात) 9 गॅलन, म्हणजे 72 पाइंट. गिऱ्हाईक बेताचं आणि पंप दहा, तर निम्मी बिअर आंबणारच. म्हणून कुठली एल आहे यापेक्षा तळघर कोण सांभाळतं हे बघायचं.

फेब्रुवारीत एका मंगळवारी मला पिंपाच्या तळातला पाइंट मिळाला. तीन दिवसांच्या ताकासारखा. नेऊ की नको करत नेला. बाईंनी ग्लास नाकाशी धरला, एक शब्द न बोलता दुसऱ्या पंपाची एल भरून दिली आणि पहिल्या पंपावरची पाटी उलटी फिरवली. म्हणजे ही संपली. गावातल्याच दुसऱ्या एका पबमध्ये अशाच तक्रारीवर "चव अशीच असते" असं ऐकवलं होतं. तिकडे परत गेलो नाही.

या गावात एल पिण्यात वेगळी मजा आहे ती पाण्यामुळे. इथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे कडवटपणा कोरडा आणि स्वच्छ लागतो. पेल एलचा (फिकट रंगाच्या एलचा) पहिला घोट घेताना काडेपेटीची काडी नुकती विझवल्यासारखा किंचित वास येतो. मला आधी ग्लास नीट धुतला नाही असं वाटलं होतं! इथले लोक त्याला 'बर्टन स्नॅच' म्हणतात आणि तो नसला तर नाराज होतात. 1820च्या दशकात याच गावच्या ब्रुअरीज हिंदुस्थानासाठी पेल एल बनवायला लागल्या. आपल्याकडच्या टॅपरूममध्ये आयपीए (इंडिया पेल एल) म्हणून जी फळांच्या वासाची, बर्फाळ बिअर मिळते, तिचं नाव तिथून आलं. चव मात्र पार वेगळी.

मे महिन्यात बाबा आले होते, त्यांनाही नेलं. अर्धा पाइंट माइल्ड (सौम्य एल) घेतली, दोन घोट झाल्यावर हळूच विचारलं, "बर्फ मागू का रे?" मी टेबलाखालून त्यांचा हात दाबला.

आता खटकणाऱ्या गोष्टी. खायला चीज-कांद्याचा कॉब, म्हणजे इकडचा मोठा पाव, आणि वेफर्स. बस. जेवून जा. सोमवारी बंद. ओळखीच्यांच्या टेबलावर बसलात तर टीटीएमएम चालत नाही: प्रत्येकाने आळीपाळीने सगळ्यांसाठी आणायचं, आणि आपली पाळी चुकवणारा सगळ्यांच्या बरोबर लक्षात राहतो. पाच जणांत बसलात तर पाच पाइंट ठरलेले, म्हणून मी दोघांतच बसतो. फेस जास्त आला तर "टॉप-अप" म्हणायला लाजू नका, तुम्ही 568 मिलीचे पैसे दिलेत.

आणि थंडीत जाणार असाल तर कोट काढून ठेवू नका. संडास मागच्या अंगणापलीकडे आहे.