माफ करणं की क्षमा करणं?

अर्थ एकच म्हणतात, पण सांगलीत भाजी मंडईत कुणाच्या पायावर पाय पडला आणि तुम्ही 'क्षमा करा' म्हणालात तर समोरचा आधी दचकेल, मग हसेल. तिथं 'माफ करा हं' किंवा नुसतं 'सॉरी' चालतं.

माफ अरबीतून फारसीमार्गे आलेला, हिशोबाचा शब्द, म्हणजे देणं होतं ते सोडलं, म्हणून तर फी माफ, दंड माफ, कर्ज माफ. क्षमा संस्कृत, 'क्षम्' म्हणजे सोसणं, त्यात राग गिळणं आलं, आणि पृथ्वीलाही क्षमा म्हणतात, ती सगळं सोसते म्हणून. त्यामुळं फी क्षमा होत नाही!

दोन्हीत चूक झाली हे मात्र धरलेलंच असतं. म्हणून तासगावकडं द्राक्षबाग गारपिटीत गेलेला एखादा म्हणतो, माफी कसली, आमचा काय गुन्हा? महाराष्ट्र सरकारच्या २०१९ च्या शेतकरी कर्जाच्या योजनेच्या नावात 'कर्जमुक्ती' आहे ते मला म्हणूनच बरं वाटतं, बोलताना आपण सगळे कर्जमाफीच म्हणतो ते सोडा.

कोर्टात गंमत आहे, साथीदारांविरुद्ध बोलणारा तो 'माफीचा साक्षीदार', आणि राष्ट्रपती राज्यघटनेच्या कलम ७२ खाली देतात ते क्षमादान. घरात भावाभावात भांडण झालं तर यातला एकही शब्द निघत नाही, 'जाऊ दे की आता, चल जेवायला' एवढंच.