बदकांच्या फोटोसाठी आडवं पडायचा हाइड : घरी बनवायचा की विकत घ्यायचा?

दिवाळी झाली की कुणी ना कुणी विचारतंच, ताई उजनी धरणावर बदकांचे पाण्याच्या लेव्हलचे फोटो काढायचेत, हाइड कुठला घेऊ की घरीच बनवू? हाइड म्हणजे पक्ष्यांना आपण दिसू नये म्हणून लपायचा आडोसा. मी दोन्ही केलंय. पैसेही घातलेत आणि अख्खे सीझनही घातलेत, म्हणून एकदाच सगळं नीट लिहिते.

आधी एक महत्त्वाचं. नेटवर शोधायला गेलात की सगळ्यात जास्त दिसतात ते अमेरिकेतल्या बदकांच्या शिकारीसाठी बनवलेले लेआउट ब्लाइंड, म्हणजे आडवं पडून लपायचे आडोसे. मक्याची कापणी झालेल्या शेतात शिकारी त्यात उताणा पडून राहतो, डोकं जरासं वर, आणि बदकं उतरायला लागली की वरची दोन दारं उघडून उठून बसतो. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून शिकार करायची सोयही संपली, त्यामुळे तो विषयच नाही. पण फोटोसाठी म्हणूनही हा ब्लाइंड घेऊ नका असंच मी सांगेन, कारण आपल्याला उताणं नाही, पालथं पडायचं असतं. लेन्स जमिनीपासून १५-२० सेंटीमीटरवर हवी, दारं नकोत, उठून बसायचं तर अजिबात नाही. शिवाय यातले बरेचसे पाच किलोच्या पुढचे, काही तर दहाच्या आसपास, ते पाठीवर घेऊन चिखलातून अर्धा किलोमीटर चालून बघा.

पण त्या शिकाऱ्यांकडून शिकण्यासारखं भरपूर आहे. नवीन ब्लाइंड आणला की ते आधी तो पातळ चिखलाने माखतात, वाळू देतात आणि मग झाडूने झटकतात, म्हणजे कापडाची चमक मरते. कापडावर ओळीने शिवलेल्या पट्ट्या असतात, त्यात जिथे बसायचं तिथलंच गवत खोचायचं. आणि कडेला उतरती झालर, कारण पक्ष्याच्या डोळ्यात आधी भरते ती उभी भिंत आणि तिची सावली. हे तीन मुद्दे मला कळले आणि माझं अर्धं काम झालं, कारण तोवर मी फक्त कापडावरच्या प्रिंटचाच विचार करत होते. प्रिंट सगळ्यात शेवटी. आधी उंची, मग चमक, मग सावली.

आता विकतचा. इथे ऑनलाइन मिळतात ते बहुतेक पॉप-अप तंबू, खुर्चीवर बसून वापरायचे. पिशवीतून काढला की दोन मिनिटांत उभा, पाऊस-ऊन लागत नाही, खिडक्या चारी बाजूला. पाणवठ्यावर येणाऱ्या बुलबुल-सातभाईंसाठी एकदम मस्त. पण उजनीच्या भिगवणकडच्या काठावर, जिथे नजर जाईल तिथवर सपाट गाळ आहे, तिथे दीड मीटरचा तंबू उभा केला की तो बदकांना किलोमीटरवरून दिसतो. मी असा एक घेतला होता, पहिल्या सकाळी चक्रवाक आले ते लांबच उतरले आणि लांबच राहिले, शिवाय लेन्सचं भोक इतकं वर की सगळे फोटो वरून खाली बघत काढल्यासारखे, पाण्यात पाय बुडवून बसलेल्या बदकाची नजर त्यात मिळतच नाही. त्याची चेन दुसऱ्या सीझनला गेली, विकणाऱ्याने हात वर केले.

दुसरा प्रकार म्हणजे खास पालथं पडून वापरायचे बुटके हाइड, ते मुख्यतः युरोपातून येतात. बनावट खरंच चांगली, शिलाई पक्की, लेन्सची बाही योग्य उंचीवर. पण किमतीवर शिपिंग आणि कस्टम ड्युटी चढते, काही बिघडलं तर परत पाठवणं अवघड, आणि ते बनलेत तिकडच्या थंडीसाठी. आपल्याकडे जानेवारीत सहाला कुडकुडत आत शिरायचं आणि दहाला आत भट्टी झालेली असते, म्हणून मागून आणि कडेने हवा खेळायला जाळी आहे का हे आधी बघा, नसेल तर कितीही नावाजलेला असो, घेऊ नका.

तिसरा अगदी साधा, जाळीदार किंवा पानं लावलेलं कापड नुसतं अंगावर आणि कॅमेऱ्यावर पांघरायचं. वजन किलोच्या आत, बॅगेत मावतं. सुरुवातीला मी सगळ्यांना हेच सांगते, आधी एक महिना हे करून बघा, तासभर पालथं पडून मान दुखते का, थंड चिखल सोसतो का, तेवढं तरी कळेल. पण कापड अंगावर असतं ना, त्यामुळे तुम्ही हललात की ते हलतं, आणि वारा सुटला की फडफडतं. शेकाटे याला फारसं मनावर घेत नाहीत, पण थापट्या आणि तलवार बदकं लगेच पाण्यात आत सरकतात.

घरी बनवायचा तर सांगाडा कशाचा हा पहिला प्रश्न. मी वायरिंगची २० मिलीमीटरची पीव्हीसी पाइप वापरली, तीन मीटरच्या चार. इलेक्ट्रिशियनकडे बेंडिंग स्प्रिंग असते ती आत घालून वाकवली की पाइप चेमटत नाही. तीन कमानी, पुढची ५० सेंटीमीटर उंच, मधली ४०, पायाकडची २५, आणि त्यांना जोडणारे तीन आडवे दांडे, लांबी दोन मीटर. सांधे चिकटवायचे नाहीत, कपलर, म्हणजे पाइप जोडायचे तुकडे, नुसते दाबून बसवायचे आणि दांड्यांचे तुकडे ६० सेंटीमीटरच्या आत ठेवायचे म्हणजे गाडीवर आडवे बांधता येतात. सांगाडा सव्वा किलोच्या आसपास होतो, कापड-जाळी-खुंट्या धरून सगळं तीन किलोच्या आत बसतं. अॅल्युमिनियमची नळी जास्त ताठ असते, पण त्याच लांबीला जड पडते आणि घरी वाकवायला गेलं की चेमटते. पीव्हीसीचा तोटा एवढाच की उन्हात मऊ पडते, मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलात तर कमानी वेड्यावाकड्या होतील.

कापडात मी आधी चूक केली. रोपवाटिकेची हिरवी शेडनेट आणली, स्वस्त म्हणून, आणि तिच्यातून उजेड आरपार जातो त्यामुळे आत माझी हालचाल बाहेरून स्पष्ट दिसत होती, वर तो हिरवा रंग उजनीच्या काठावर कुठेच नसतो. मग गोणपाट लावून बघितला. रंग अगदी गाळाचा, पण दवाने भिजला की इतका जड होतो की कमानी बसतात. शेवटी मातकट रंगाचं पातळ पॉलिएस्टर आतून, आणि बाहेरून जुनी मासेमारीची जाळी. या जाळीत पाचट खोचायचं. ऊसतोड चालू असते तेव्हा पाचट फुकट मिळतं, फक्त शेतकऱ्याला विचारून घ्या, वाळलेलं असल्याने दिवसभर रंग बदलत नाही. बेशरमाच्या ओल्या फांद्या खोचाल तर दोन तासांत मान टाकतात. कापड धुताना पांढरेपणा आणणारी पावडर नको, त्यातल्या केमिकलने कापड उन्हात उजळ दिसतं आणि पक्ष्यांना तर अतिनील प्रकाशही दिसतो. शिलाई मी ताडपत्री शिवणाऱ्या काकांकडून करून घेतली, घरच्या मशीनवर दुहेरी शिवण बसत नव्हती. सगळं मिळून दोन हजारांच्या आत झालं, पण तीन रविवार गेले, आणि कापड दुसऱ्यांदा आणावं लागलं ते वेगळंच.

मग कुणी काय करावं? वर्षातून दोनदाच भिगवणला जाणार असाल तर काहीच घेऊ नका, सरळ कुंभारगावच्या मच्छीमारांची होडी घ्या. ते पाणी आणि पक्षी दोन्ही ओळखतात, होडीला बदकं सरावलेली असतात आणि चार पैसे तिथल्या घरात जातात. दर आठवड्याला जाणार असाल आणि एकच काठ धरून बसायचं असेल तर घरी बनवा, कारण तो काठ कसा आहे, गाळपेरीचं (पाणी उतरल्यावर गाळात पेरलेलं) पीक आहे की नुसतीच ओल, हे बघून तुम्ही रंग आणि उंची ठरवू शकता, विकतच्यात ते होत नाही. आणि हाताशी वेळ नाही पण पैसे आहेत, बाहेरच्या राज्यांतही फिरता, विमानात सामान न्यायचं असतं, तर बुटका विकतचा घ्या, त्याचं पॅकिंग घरच्यापेक्षा खूप आटोपशीर असतं. नांदूर मधमेश्वरला न्यायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, ते अभयारण्य आहे, आधी वनखात्याची परवानगी, मग हाइड.

कुठलाही घ्या, एक खर्च दोन्हीकडे सारखाच, तो म्हणजे कॅमेरा ठेवायची सोय. मी जुन्या फ्रायपॅनच्या मधोमध भोक पाडून बोल्ट बसवला आणि त्यावर बॉलहेड (कॅमेरा हवा तसा वळवता येतो ते ट्रायपॉडचं डोकं), चिखलावरून तो नुसता सरकवायचा.

घरट्यांजवळ मात्र हाइड लावायचा नाही, कितीही चांगला लपणारा असला तरी. टिटवी, नदी सुरय जमिनीवरच अंडी घालतात, आणि कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणंही येतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हिवाळी बदकांचा काळ, तेवढाच ठेवा.

आत शिरायचं ते उजाडायच्या तासभर आधी, सूर्य पाठीशी येईल अशा बेताने. शिरण्याआधी टॉर्चने आतून बाहेरून बघायचं आणि काठी फिरवायची, काठच्या गवतात घोणस असू शकते. जवळच्या वस्तीवर सांगून ठेवा, नाहीतर मेंढरांमागची कुत्री येऊन हाइडभोवती भुंकत बसतात, माझ्याबरोबर हे दोनदा झालंय. आणि बाहेर पडताना समोर पक्षी असतील तर थांबा. पट्टकादंबांचा थवा हिमालय ओलांडून आलेला असतो, तुम्ही एकदम उभं राहिलात की सगळा उठतो. माझा भाऊ बांधावर थांबतो, मी मेसेज केला की तो लांबून सावकाश चालत येतो, पक्षी त्याला बघून आरामात पाण्यात सरकतात, मग मी मागच्या बाजूने निघते.