मास्कच्या आतली उपासना: लीड्समधल्या एका चर्चचा अनुभव

मी नाशिकची, शरणपूरची. २०२० च्या सप्टेंबरात, कोविडच्या काळात, इंग्लंडमधल्या लीड्सला राहायला गेले आणि घराजवळच्या अँग्लिकन चर्चला जाऊ लागले. व्यवस्था म्हणाल तर चोख. आधी ऑनलाइन जागा धरायची, दारात हात सॅनिटाइझ करून नाव-फोन द्यायचा, एकाआड एक बाक दोरी लावून बंद. खिडक्या मात्र सताड उघड्या. स्वेटरवर कोट चढवूनच बसा.

जड गेलं ते गाणं नसणं. मंडळीने गायचं नाही, असा तेव्हा नियमच होता. ऑर्गन वाजायचा, शब्द पडद्यावर यायचे आणि आम्ही मास्कच्या आत नुसते ओठ हलवायचो. आमच्याकडे भजनाला पेटी-तबला लागल्यावर कुणी गप्प बसून दाखवावं! प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीत, आम्हाला फक्त भाकर. प्याला एकट्या पाळकबाई घेत.

खरी उणीव उपासनेनंतर. चहा बंद, मग ओळखी होणार कुठे? स्वागत समितीला केलेल्या ईमेलला उत्तरच नाही. पार्किंगमध्ये दोन मीटरवरून एका आजींनी "नाशिक मुंबईच्या कुठल्या बाजूला?" असं विचारलं, तेवढंच काय ते बोलणं. पुढे झूमवरच्या कॉफीत त्यांनीच मला बोलतं केलं.

उपासनेला पाचपैकी चार, स्वागताला दोन. आजींना पाच.